जादूच्या पेटीतला दीड बोटाचा फरक

मी आयुष्यात एकदाच रंगमंचावर चढलो. एका हातात पत्र्याची तलवार, दुसऱ्या हातात एका निवृत्त सुभेदारांची काठी, समोर सातारकरांनी गच्च भरलेलं सभागृह, आणि शेजारी, मीच केलेल्या पेटीत, अडकून पडलेली एक बाई. ती तिथं आहे हे फक्त तिघांना ठाऊक होतं: तिला स्वतःला, तिच्या नवऱ्याला आणि मला. चौथी माझी बायको मालन, पण तिला कुणी सांगावं लागत नाही.

मी पेटीवाला सुतार. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बंद केलं. दारं-खिडक्या मी फारशा केल्याच नाहीत. माझा जीव पेट्यांत. धान्याच्या पेट्या, देवाच्या पेट्या, हळदीच्या व्यापाऱ्यांना नमुने ठेवायच्या खणाखणांच्या पेट्या, लेकी सासरी जाताना द्यायच्या पितळी कड्यांच्या पेट्या. पेटी म्हटलं की लोकांना वाटतं, सहा फळ्या आणि मूठभर खिळे. तसं असतं तर मी पस्तीस वर्षं प्रत्येक पेटीला नव्यानं घाबरलो नसतो.

पेटीचा खरा वैरी म्हणजे तिरपेपणा. चार फळ्या जोडून चौकट उभी केली की सरळ दिसते. नुसती दिसते. एका कोपऱ्याला बोटानं ढकला, मुकाट कलते. बाजू तेवढ्याच राहतात, लांबीरुंदी तीच राहते, पण चौकोनाचं शंकरपाळं झालेलं असतं. मग झाकण बसत नाही, खण आत जात नाही, कडी कोयंड्याला भेटत नाही. सुतार कोपऱ्यात गुण्या लावून बघतो. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. पण गुण्या त्या कोपऱ्यापुरतंच बोलतो, आणि फळीला जरा बाक असला की तोही फसतो. खरी परीक्षा तिरप्या मापाची. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची, मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्ही मापं सारखी आली तर पेटी गुण्यात. एक लांब आलं तर लांब मापाच्या टोकांना दाबायचं, फरकाच्या निम्म्यानं, आणि पुन्हा मापायचं. सरस ओला आहे तोवर पेटी ऐकते. वाळल्यावर तिची समजूत ब्रह्मदेवालाही घालता येत नाही.

या तिरप्या मापाला कर्ण म्हणतात हे मला एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी शिकवलं. ते पुस्तकांसाठी पेटी करून घेत होते आणि रोज येऊन दुकानातल्या स्टुलावर बसायचे. एकदा मी ऐटीत म्हणालो, "मास्तर, दोन्ही तिरपी मापं सारखी, म्हणजे पेटी चौकोनी!" मास्तर उठले आणि त्यांनी फरशीवर खडूनं एक आकृती काढली. वरची बाजू आखूड, खालची लांब, सुपासारखी. "मोजा याचे कर्ण." मोजले. तंतोतंत सारखे! मी तोंडात बोट घातलं. "आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या पाहिजेत मेस्त्री, मग कर्ण," म्हणाले. त्यानंतर महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला ते सुपाची गोष्ट सांगत. पेटी कधीच तयार होती, पण मास्तर न्यायला तयार नव्हते.

आणि एक तासगावकडची विहीणबाई. लेकीबरोबर पाठवलेली पेटी डुलते असा निरोप आला म्हणून मी हत्यारं घेऊन एसटीनं गेलो. कर्ण मोजले, पेटी सोन्यासारखी. डुलत होती ती जमीन. तसं म्हणालो तर सासूबाई कडाडल्या, "आमची जमीन डुलतीया म्हणता व्हय?" कोपऱ्यात नवी सून डोळ्यांत पाणी आणून उभी होती. मी एका पायाखाली लाकडाची चिपटी सरकवली आणि म्हणालो, "पाय आखूड पडला होता. चूक माझीच." सरळसरळ खोटं बोललो. पण पेटी गुण्यात होती, आता त्या घरानंही गुण्यागोविंदानं नांदावं एवढंच मला पाहिजे होतं.

आता ती साताऱ्याची गोष्ट.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गल्लीगल्लीत केबल येत होती आणि लोक घराबाहेर पडेनासे झाले होते. अशा दिवसांत एका सकाळी माझ्या दुकानासमोर स्कूटर थांबली. पुढे मिशांना पीळ दिलेला तगडा गडी, मागे मांडीवर कबुतराचा पिंजरा धरून बसलेली त्याची बायको. गडी उतरला आणि म्हणाला, "मेस्त्री, मला अशी पेटी पायजे, की जिच्यात माणूस हायबी आन् न्हाईबी."

हे प्रोफेसर मायाधर. खरं नाव मारुती. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत, शाळांत, सभागृहांत जादूचे प्रयोग करायचे. बायको सुमन रंगमंचावर मिस चांदनी व्हायची. केबलपुढे टिकायचं तर काहीतरी जबरदस्त दाखवायला हवं, म्हणून त्यांनी भरसभेत बाई गायब करायची ठरवली होती. (पेटीचं गुपित फोडतोय म्हणून कुणी मला बोल लावू नये. मारुतरावांनी जादू सोडून आता कैक वर्षं झाली, द्राक्षबाग करतात. त्यांना विचारूनच लिहितोय. "लिवा की, आता कुनाला गायब करायचंय!" म्हणाले.)

"माप कशाचं घ्यायचं?" मी विचारलं.

"हिचं."

मी टेप हातात धरून तसाच उभा. आतून मालन आली, तिनं माझ्या हातातला टेप काढून घेतला आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ती आकडे सांगत गेली, मी भिंतीवर पेन्सिलीनं लिहीत गेलो. बसल्यावर उंची किती, पाठीपासून गुडघ्यापर्यंत किती, श्वास घेतल्यावर किती. "आन् हसल्यावर?" सुमननं विचारलं. "हसायचं न्हाई आत," मारुतराव म्हणाले. "मग मला जमायचं न्हाई," ती म्हणाली, आणि दोघी बायका इतक्या हसल्या की पिंजऱ्यातलं कबुतर बावचळलं.

पेटी चार फूट उंच, अडीच फूट रुंद. पुढे दार. आत काळ्या रंगाची खोटी पाठ, तिच्यामागे सुमन बसेल एवढी जागा, आणि त्या जागेला मागच्या बाजूनं एक झडप. सुमननं पुढून आत जायचं, खोट्या पाठीमागे सरकायचं. दार उघडलं की पेटी रिकामी. मग तिनं मागची झडप ढकलून पडद्याआड निसटायचं, इमारतीला वळसा घालून पळत जायचं आणि प्रेक्षकांच्या मागच्या दारातून "मी इथं आहे!" म्हणून प्रकट व्हायचं.

पेच एकच होता. हे बिऱ्हाड ट्रकनं गावोगाव जाणार, म्हणून पेटी सुटी होणारी पाहिजे होती. चारही बाजू वेगळ्या, आठ बोल्ट, हातानं फिरवायचे पाकळ्यांचे नट. एकदा सरसानं चिकटवलेली पेटी जन्मभर तशीच राहते. सुटी होणारी पेटी दर मुक्कामी नव्यानं जन्मते आणि दर मुक्कामी तिला तिरपी व्हायची संधी असते. झडप मी अंगासरशी बसवली होती, प्रेक्षकांतल्या चौकस माणसाला फटसुद्धा दिसू नये म्हणून. पेटी कलली की झडप दोन कोपऱ्यांत आवळली जाणार. मी मारुतरावांना एक दोरी दिली आणि चार वेळा पाठ करून घेतलं: आधी नट सैल, मग दोन्ही कर्ण, मग आवळायचं.

पहिला प्रयोग साताऱ्याला होता. रविवारी दुपारी तीनला एक खेळ, साडेसहाला दुसरा. मारुतरावांनी आम्हा दोघांना आग्रहानं बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मालन ठेवणीतलं लुगडं नेसली आणि आम्ही एसटीनं पोचलो. प्रयोगाआधी मी पडद्यामागे गेलो. पेटी उभी होती. मारुतराव झगा घालून फेट्यात पीस खोचत होते.

"कर्ण बघितले का?"

"ट्रकला उशीर झाला, गडबडीत आवळलीया. पर झ्याक बसली."

"दोरी द्या, मी बघतो."

"दोरीनं पिंजरा बांधलाय. आवं मेस्त्री, आज तुमी पाव्हणं! जावा, पुढं बसा."

मी गेलो. मला हट्ट धरायला पाहिजे होता. पण झगा घातलेल्या माणसासमोर माझी जीभ जरा अडखळते.

प्रयोग रंगला. तोंडातून चेंडू निघाले, टोपीतून कबुतर निघालं, बाहीतून रंगीत रुमालांची माळ निघाली ती संपेचना. मग पेटी पुढे आली. चमचमत्या पोशाखात सुमन आली, वाकून नमस्कार केला, आत शिरली. दार लागताना मला 'खर्रर्र' असा आवाज आला. इतरांना ढोलकी ऐकू आली असेल; मला लाकूड लाकडाला घासताना ऐकू आलं.

दार उघडलं. पेटी रिकामी. टाळ्या, शिट्ट्या! मारुतरावांनी हात उंचावला. "मेहरबान, कदरदान! मिस चांदनी आता प्रकट होतील... तिकडे!"

सगळं सभागृह मागे वळलं. मागच्या दारात तंबाखू मळत दारवान बसला होता. एवढे डोळे आपल्यावर रोखलेले बघून तो गडबडून उठला आणि त्यानं सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला.

हशा पिकला. मारुतरावही हसले, पण झग्याच्या बाहीनं कपाळ पुसत. "तिकडे!" ते पुन्हा गरजले. दारवानानं पुन्हा नमस्कार केला.

आता मी पेटीकडे नीट बघितलं. उघड्या दाराच्या वरच्या कडेची फट एका टोकाला सुतासारखी बारीक आणि दुसऱ्या टोकाला पाचरीसारखी रुंद. मालन कानाशी लागली. "आवं, ती आतच हाय न्हवं?"

"गप."

"तिरपी झालीया पेटी. आपल्या कपाटाचं दार लागतंय तसंच दार लागलं."

आमच्या घरचं कपाट मीच केलं आहे. त्याविषयी पुन्हा कधीतरी. किंवा नकोच.

सुमन ओरडली असती तर सुटली असती, हे मला तिथं बसल्या-बसल्या कळत होतं. चैत्राचं ऊन, वर पत्रा. हवेला मी खाली भोकं ठेवली होती, पण त्या जागेत अंग वळवायला बोटभर अंतर नव्हतं. एक हाक मारली असती तर नवऱ्यानं धावत जाऊन खोटी पाठ उचकटली असती, आणि त्याबरोबर साडेसहाचा खेळ, पुढचा कोयनानगरच्या वसाहतीतला खेळ, सगळा हंगाम संपला असता. ती ओरडली नाही. गुडघ्यात डोकं घालून गप्प बसून राहिली. बाहेर तिचा नवरा मरणाचा हसरा चेहरा करून उभा होता.

त्याच्या नजरेला मी सापडलो. "आपल्यापैकी कुणीतरी एक अनोळखी गृहस्थ," तो थेट माझ्याकडे बोट करून म्हणाला, "वर येऊन पेटी तपासतील काय?"

मी उठलो. मालननं माझा शर्ट धरला, मग सोडला आणि पाठीत एक धक्का दिला.

मी पायऱ्या चढतोय तोच पहिल्या रांगेतून आवाज आला, "थांबा! अनोळखी कशावरनं?" पांढऱ्या कल्ल्यांचे एक ताठ म्हातारे काठी आपटत उभे राहिले. "मी सुभेदार, रिटायर्ड. ह्यो मानूस त्यांचाच असनार. मीबी वर येनार!" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सुभेदार आलेच.

आता काय करायचं? नट सैल करून पेटी सरळ करायची, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आत माणूस असताना, आणि शेजारी फौज उभी. मी खाकरून म्हणालो, "ही पेटी खरी चौकोनी आहे की आत काही लबाडी आहे, हे मापून बघू."

"बराबर!" सुभेदार म्हणाले.

माझ्याकडे दोरी नव्हती. मारुतरावांनी रुमालांची माळ पुढे केली. मी एका कर्णावर धरली: साडेपाच रुमाल. दुसऱ्यावर धरली: साडेपाच रुमाल. पुन्हा पहिल्यावर: सहा! रेशमाचं हे असंच, ताणेल त्याच्या मनासारखं बोलतं. हशा वाढत चालला. मग मला सुभेदारांची काठी दिसली, आणि मघाशी मारुतरावांनी 'गिळलेली' पत्र्याची तलवार.

हा आमच्यातला जुना उपाय आहे. दोन काठ्या शेजारी धरायच्या, एकीचं टोक एका कोपऱ्यात, दुसरीचं टोक समोरच्या कोपऱ्यात, आणि मधे जिथं त्या एकमेकींवर येतात तिथं मुठीत घट्ट आवळायच्या. मूठ न सोडता दुसऱ्या कर्णावर न्यायच्या. मी काठी आणि तलवार एका कर्णावर बसवली, मूठ आवळली, दुसऱ्यावर नेली. शिरेचनात. सुभेदारांनी वाकून किती जास्त होतंय ते बोटांनी मोजलं आणि कवायतीच्या आवाजात जाहीर केलं, "डेढ उंगली!"

दीड बोट. माझी झडप अर्ध्या सुताचाही फरक सोसत नव्हती.

माप घेण्याच्या निमित्तानं मी पेटीत डोकं घातलं आणि काळ्या पाठीवर नखानं टकटक केलं. आतून टकटक आली. आणि कुजबूज, "मेस्त्री, झडप हालंना वो." मी मोठ्यानं खोकलो. मारुतरावांनी इशारा केला, ढोलकी कडाडली.

मी आठही नट अर्धा-अर्धा आटा सैल केले. "सुभेदार, ह्या वरच्या उजव्या कोपऱ्याला डावीकडे ढकला." सुभेदारांनी खांदा लावला. पेटी जागची हलेना. आत सुमनचं वजन उलट्या बाजूला पडलं होतं. तिला कळावं म्हणून मी ओरडलो, "भार डावीकडे टाका! डावीकडे!"

सुमननं ऐकलं. सगळा भार डावीकडे टाकला. पण ती पुढे, आमच्याकडे तोंड करून बसली होती! तिचं डावं ते आमचं उजवं. पेटी कर्रकन उलटीकडे कलली. सुभेदारांनी बोटं लावली. "दो उंगली!"

"डावीकडे नको, उजवीकडे!" मी ओरडलो.

सुभेदारांनी ढकलणं थांबवलं. "आरं, आता तर डावीकडं म्हनलास?"

"तुम्ही डावीकडेच, सुभेदार! प्रेक्षकांकडे तोंड असेल त्यानं उजवीकडे!"

"प्रेक्षकांकडं तोंड कुनाचं हाय?"

मारुतरावांनी मुकाट्यानं प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि हात मागे नेऊन पेटीला लावला. लोक हसून हसून बाकांवरून घसरत होते. हा सगळा प्रयोगाचाच भाग, अशीच त्यांची समजूत झाली होती.

आत सुमन उमजली. भार फिरला. सुभेदारांनी पुन्हा खांदा दिला, "हय्या!" पेटी सरकली. मी मूठ थोडी आवरून काठी-तलवार एका कर्णावर लावली, दुसऱ्यावर लावली. अर्धं बोट. "आणखी जरा!" पुन्हा लावली. दोन्हीकडे एकसारखी बसली, जशी म्यानात बसावी! मी घाईघाईनं नट आवळले, एकेक कोपरा करत, समोरासमोरचे. शेवटचा नट आवळला आणि मला तो आवाज आला: मागच्या झडपेचा 'टक्'. पस्तीस वर्षांत एवढा गोड आवाज माझ्या कानांनी ऐकलेला नाही.

"पेटी चौकोनी आहे," मी जाहीर केलं. "लबाडी नाही."

"तर मग," मारुतराव गरजले, "मिस चांदनी... तिकडे!"

सगळे वळले. दारवान या वेळी जागेवर नव्हता. दाराबाहेर कसलीशी झटापट ऐकू येत होती. एकदम दार उघडलं. अनवाणी, घामानं निथळणारी, केसांत जळमट अडकलेली सुमन आत आली आणि तिचं मनगट धरून मागोमाग दारवान. तो घशाच्या शिरा ताणून ओरडला, "सायेब, ह्या बाई बिगरतिकिटाच्या घुसत्यात!"

लोक बाकांवर चढले. टोप्या उडाल्या. दारवान सगळ्यांना शपथेवर सांगत होता, "खरंच सांगतो, मी ह्यास्नी वळखतबी न्हाई!" आणि तो जितकं सांगेल तितक्या टाळ्या वाढत होत्या. सुमननं त्याचा हात सोडवून दोन्ही हात उंच केले आणि म्हणाली, "मी इथं आहे!" मी तलवार हातात घेऊन वेड्यासारखा हसत उभा होतो. मालन खाली उभी राहून शिट्टी वाजवत होती. माझ्या बायकोला शिट्टी वाजवता येते हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं.

पडदा पडल्यावर सुभेदार काठी न्यायला मागे आले. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "मेस्त्री, मी खांदा लावला तवा पेटीत वजन हुतं."

मी काठी त्यांच्या हातात दिली.

"जिवंत वजन हुतं. हालत हुतं." त्यांनी कल्ल्यावरून हात फिरवला. "काळजी नगं. फौजेत काय सांगायचं न्हाई ते आमाला पयलं शिकिवत्यात." मग विचारलं, "काय लागनार हाय का? माझं घर हितंच मागं हाय."

मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात सुमन समोर आली. पोशाखाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या. दोन्ही कोपरांना खरचटलं होतं, एका ठिकाणी रक्त आलं होतं. मी माफी मागायला लागलो, गडबडीत आवळल्याची, दोरीची. तिनं हातानं थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. मेस्त्री, तुमी एकदा आत बसा."

"मी?"

"बसा की."

मी बसलो. गुडघे दुमडून, मान खाली घालून, कसाबसा. मारुतरावांनी झडप लावली. अंधार झाला. पहिल्यांदा मला हसूच आलं. मग अंग हलवायला गेलो आणि कोपराला काहीतरी टोचलं. हात फिरवला. पुढची बाजू, दार, कडा, सगळं मी आरशासारखं घोटलं होतं. आणि ही आतली जागा करवतीनं कापली तशीच सोडली होती. इथं कोण बघणार, म्हणून. सगळीकडे कुसळं उभी होती. पेटी सरळ असती तरीही ती रोज तिथं घासून निघाली असती, आणि रोज बाहेर येऊन हात उंच करून हसली असती. कर्ण चार वेळा शिकवणाऱ्या मेस्त्रींना, आत माणूस बसणार आहे, एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. बाहेर कुणीतरी विचारत होतं, "बरं हाय न्हवं मेस्त्री?"

मला बाहेर काढलं तेव्हा मी सुभेदारांना म्हणालो, "पॉलिशपेपर मिळेल का?"

सुभेदार त्या वयात पळत गेले आणि पळत आले. पॉलिशपेपर आणला, खडबडीत आणि मऊ, दोन्ही. मेणबत्ती आणली. खोबरेल तेलाची बाटलीही आणली. मी इस्त्रीचा शर्ट काढून बनियनवर पेटीत शिरलो. मालन बाहेरून विजेरी धरून बसली आणि मधूनमधून म्हणत होती, "तितं अजून हाय बगा. त्या कोपऱ्यात." दुसऱ्या खेळाची गर्दी बाहेर जमायला लागली होती. दुपारपासून साताऱ्यात एकच बातमी फिरत होती: जादूगाराची बाई दारवानानं पकडली! लोक दारवानालाच बघायला येत होते. मी घासत होतो, हात फिरवत होतो, पुन्हा घासत होतो. कडा गोल केल्या, झडपेच्या खाचेत मेण चोळलं, मग दोरीनं दोन्ही कर्ण मोजले. पिंजऱ्याची दोरी मारुतरावांनी स्वतः सोडून आणून दिली.

सव्वासहाला सुमन आत बसली. झडप लागली. आम्ही चौघं पेटीभोवती उभे. काही आवाज येईना. मारुतरावांनी झडपेवर टकटक केलं.

"सुमे? अडाकली का काय?"

आतून निवांत आवाज आला, "न्हाई. धा मिन्टं कुनी उठवू नगा. हितं च्या कर म्हनून कुनी सांगत न्हाई."